इंजिनिअरला पुन्हा शाळा कशाला?

ज्वारीची काढणी उरकली होती. कडब्याच्या पेंढ्या बांधून रचून झाल्या होत्या. अशा निवांत दिवसांत मी खटाव तालुक्यात बहिणीकडे गेलो. पण घरात पाऊल टाकले तर दाजी ओसरीवर गप्प आणि बहीण चुलीपुढे गप्प.

कारण थोरला भाचा. मेकॅनिकल इंजिनिअर. चार वर्षे चाकणच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो, दर महिन्याला घरी पैसे पाठवतो. आता म्हणतो, नोकरी सोडून दोन वर्षे ‘बिझनेस ॲनालिटिक्स’ शिकणार.

“पाव्हणं, तुमीच सांगा,” दाजी म्हणाले. “ह्याला इंजिनेर करायला बैलजोडी इकली, सोसायटीचं कर्ज अंगावर घेतलं. प्येरलं, उगवलं, आन् आता कणसं भरायच्या वक्ताला ह्यो म्हणतो रान मोडून परत प्येरतो!”

बहीण म्हणाली, “दादा, पोरगं उगा हट्ट धरणारं न्हाई. पर ह्ये शिक्षान हाय तरी कसलं, ते कुणी धड सांगंना.”

वाचकहो, हा प्रश्न आज गावोगावच्या घरांत उभा आहे. मुलगा किंवा मुलगी इंजिनिअर होते, दोन-चार वर्षे नोकरी करते आणि मग पुन्हा शिकायचे म्हणते. आईबापांच्या पोटात गोळा येतो. म्हणून या शिक्षणात काय आहे आणि काय नाही, हे नीट पाहू.

हे शिक्षण म्हणजे काय?

भाच्याला विचारले तेव्हा त्याने सरळ सांगितले. “मामा, आमच्याकडे प्रत्येक यंत्राची नोंद असते. कधी बंद पडलं, कोणता भाग बदलला, किती तास वाया गेले, सगळं संगणकात आहे. बेअरिंग बदलायचं मला येतं. पण साहेब विचारतात, पुढच्या महिन्यात कोणतं यंत्र दगा देईल? सुटे भाग किती आणून ठेवू? दुरुस्ती परवडेल की नवीनच घ्यावं? तिथं माझं तोंड बंद होतं. आणि उत्तर देणाऱ्यानं यंत्राला कधी हातही लावलेला नसतो.”

या पदवीचे मर्म यातच आहे. तिच्यात तीन विषय एकत्र येतात. पहिला संख्याशास्त्र, म्हणजे थोड्या नोंदींवरून सगळ्याचा अंदाज कसा बांधावा आणि त्या अंदाजावर किती भरवसा ठेवावा. दुसरा संगणक, कारण लाखो नोंदी हाताने चाळता येत नाहीत. तिसरा धंद्याचा व्यवहार, म्हणजे आलेल्या आकड्यावरून काय करायचे आणि त्यात पैसा वाचतो की बुडतो. खळ्यावर रास पडली म्हणून धान्य कणगीत जात नाही. मळणी आणि उफणणी व्हावी लागते. नोंदींचेही तसेच.

जवाच्या शेतातून निघालेली विद्या

नाव नवे असले तरी गोष्ट जुनी आहे. आयर्लंडमध्ये डब्लिन शहरात गिनेस नावाचा बिअरचा मोठा कारखाना. तिथे १८९९ साली विल्यम गॉसेट नावाचा तरुण रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरीला लागला. कारखान्याला लागत असे जव. कोणत्या वाणाचे जव चांगले, हे ठरवायला शेतांवर प्रयोग होत. पण प्रयोग मोजक्याच शेतांवर. चार शेतांत एक वाण सरस ठरले, तर ते खरेच सरस की त्या चार शेतांची जमीनच चांगली? याचे उत्तर रसायनशास्त्रात नव्हते.

कारखान्याने १९०६ साली गॉसेटला वर्षभरासाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकायला पाठवले. परत आल्यावर १९०८ साली त्याने थोड्या नोंदींवरून निष्कर्ष कसा काढावा याची रीत प्रसिद्ध केली. कारखाना आपल्या माणसांना स्वतःच्या नावाने लिहू देत नसे, म्हणून त्याने ‘स्टुडंट’, म्हणजे विद्यार्थी, हे टोपणनाव घेतले. आज आपल्या कृषी महाविद्यालयांत शिकवली जाणारी ‘स्टुडंटची टी कसोटी’ ती हीच. गॉसेटने कारखाना सोडला नाही. शेवटी तो तिथला मुख्य मद्यनिर्माता झाला. रसायनाची जाण होतीच, तिला आकड्यांची जोड मिळाली आणि कामाची दिशा पालटली.

बुधचे सुखात्मे आणि आपले पीक

दूर आयर्लंडपर्यंत जायलाही नको. याच खटाव तालुक्यातल्या बुध गावी १९११ साली पांडुरंग वासुदेव सुखात्मे जन्मले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकून ते लंडनच्या त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकायला गेले. परत आल्यावर देशाच्या कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीक कापणीच्या प्रयोगांचे शास्त्र बसवले.

पीक कापणी प्रयोग आपल्याला नवा नाही. शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून तोलायचे आणि त्यावरून साऱ्या मंडळाचे उत्पन्न ठरवायचे. पीक विम्याची भरपाई त्यावर ठरते. त्या काळी काही तज्ज्ञ अगदी लहान वर्तुळ आखून कापणी करावी म्हणत. काम थोडे, खर्च कमी. सुखात्म्यांनी दाखवून दिले की तुकडा लहान घेतला की उत्पन्न फुगून दिसते. का? कडेवरची ताटे आत धरायची की बाहेर, असा प्रश्न पडला की माणसाचा हात आत धरण्याकडे वळतो.

हिशेब करून बघा. मध्यापासून दोन फुटांवर फिरवलेले वर्तुळ घेतले आणि कडेचे तीन इंच पीक चुकून जास्त कापले, तर क्षेत्र सव्वापट होते. तेच तीन इंच तेहतीस फूट बाय साडेसोळा फूट चौकोनाच्या चारही बाजूंनी चुकले, तर शंभरामागे पाचाचीही वाढ होत नाही. चूक तीच, पण एकीकडे गावाचे उत्पन्न कागदावर सव्वापट झाले. उत्पन्न जास्त दिसले की भरपाई बुडाली! आकडा कसा गोळा झाला हे विचारणारा माणूस शेतकऱ्याच्या घरातला असावा, तो यासाठी. सुखात्मे पुढे रोमला राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

नोकरीत फरक काय पडतो?

आधी ‘यंत्र बंद पडले, या’ असा निरोप आला की पळायचे. नंतर यंत्र बंद पडण्याआधी सांगायचे. आधी आपल्या खात्यापुरते पाहायचे, नंतर खरेदी, विक्री आणि साठा यांच्याशी बोलायचे. मात्र पहिल्याच दिवशी वरची खुर्ची मिळत नाही. आज नुसते तक्ते काढून देण्याचे काम संगणकच झपाट्याने करू लागला आहे. म्हणून नुसती पदवी पुरत नाही. आकडा खरा की खोटा हे ओळखायला कामाची जागा ठाऊक असावी लागते, आणि चार वर्षे यंत्रावर हात काळे केलेल्याची ती मोठी शिदोरी आहे. नोकरीचा अनुभव नसताना घाईने हा अभ्यास घेतला, तर ही शिदोरी मिळत नाही.

कुठे शिकावे?

आपल्या देशात कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, खरगपूरची आयआयटी आणि कोलकात्याचे आयआयएम यांनी मिळून २०१५ साली दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. तिन्ही ठिकाणी शिकायचे आणि सहा महिने प्रत्यक्ष कंपनीत काम करायचे. प्रवेश परीक्षेतून मिळतो आणि चुरस मोठी असते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाने २००७ साली अशी पदव्युत्तर पदवी सुरू केली. नंतर तिकडे अनेक विद्यापीठांनी ती उचलली.

परदेशाचा विचार करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आजवरच्या नियमाप्रमाणे अमेरिकेत शिकल्यावर एक वर्ष आणि पदवी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत असेल तर आणखी दोन वर्षे काम करता येते. पुढच्या परवान्याची हमी कोणी देऊ शकत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तिकडच्या सरकारने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. डॉलरच्या पगारावर भिस्त ठेवून रुपयाचे मोठे कर्ज काढू नये.

पैशाचा हिशेब

समजा दहा लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी घेतले. शिकण्याची दोन वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असते. सरळ व्याजाने तीन वर्षांचे तीन लाख होतात. मग तेरा लाखांची फेड दहा वर्षांत करायची, तर हप्ता महिना सुमारे सतरा हजार. शिवाय दोन वर्षांचा बुडालेला पगार वेगळा. हे सगळे वहीत मांडल्याशिवाय पाऊल उचलू नये.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. यादीतल्या चांगल्या संस्थेत प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्ज मिळण्याची त्यात सोय आहे. आपली संस्था यादीत आहे का, हे बँकेत आधी विचारावे. सावकाराकडे मात्र जाऊ नये.

जाहिरातीतल्या ‘सरासरी पगारा’लाही भुलू नये. दहा मुलांपैकी नऊ जणांना वर्षाला सहा लाख आणि एकाला सेहेचाळीस लाख मिळाले, तरी सरासरी दहा लाख येते! दहा लाख मात्र एकालाही मिळालेले नसतात. म्हणून पगार ओळीने लावल्यावर मधल्या मुलाला किती मिळाले, ते विचारावे. संस्थेला सरकारी मान्यता आहे का, हेही विचारावे.

बहिणीची वही

रात्री जेवणे झाल्यावर बहिणीने फडताळातून दुधाची वही काढली. गेल्या साली दोन म्हशींपैकी जास्त दुधाची म्हैस तिने विकायला लावली होती आणि दाजी महिनाभर रुसले होते. वहीत होते: एक म्हैस नऊ लिटर, दुधाचे साडेचारशे, पेंड-वैरण तीनशे तीस, उरले एकशे वीस. दुसरी सहा लिटर, दुधाचे तीनशे, खर्च दीडशे, उरले दीडशे. भाकड महिनेही तिने धरले होते.

भाचा म्हणाला, “मामा, आई करते तेच मला शिकायचंय.”

दाजी हसले. “मग आईकडंच शीक की! दोन वर्सं आन् दहा लाख कशाला?”

“अण्णा, दोन म्हशींना वही पुरते. आमच्याकडं दोनशे यंत्रं आहेत.”

मग त्या रात्री बोलणे ठरले. नोकरी लगेच सोडायची नाही. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे पाठ फुकट मिळतात, ते रात्री ऐकायचे. आपल्याच खात्याच्या नोंदी घेऊन एक तरी प्रश्न सोडवून साहेबांपुढे ठेवायचा. वर्षभर हे जमले, गोडी टिकली, तर प्रवेश परीक्षा द्यायची. नावाजलेल्या संस्थेत नंबर लागला तरच जायचे. आणि रान गहाण टाकायचे नाही.

दाजींनी पानाला चुना लावला आणि म्हणाले, “म्हंजे रान मोडायचं न्हाई, असंच ना? आंतरपीक घ्यायचं म्हना की. मग आमची ना न्हाई.”