ॲलेगेनी एअरलाइन्स

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक प्रादेशिक विमान कंपनी. पिट्सबर्गच्या परिसरातील पर्वतरांग व नदी यांवरून तिला हे नाव मिळाले. १९७९ मध्ये तिने ‘यूएसएअर’ हे नाव धारण केले.

कंपनीचा उगम टपालवाहतुकीत आहे. रिचर्ड द्यू पाँ याच्या ‘ऑल अमेरिकन एव्हिएशन’ने १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनिया व वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांतील डोंगराळ गावांचे टपाल नेण्यास प्रारंभ केला. यांपैकी अनेक गावी विमानतळ नव्हता व विमान तेथे उतरतही नसे. दोन उंच खांबांमध्ये ताणलेल्या दोराला टपालाची पिशवी जोडलेली असे. अगदी खालून जाणारे विमान लोंबत्या आकड्याने तो दोर उचलून घेई आणि त्या गावी द्यावयाचे टपाल त्याच फेरीत खाली टाकी. ही युक्ती लिट्ल ॲडम्स या दंतवैद्याची होय.

मार्च १९४९ मध्ये डीसी-३ विमानांनी प्रवासी वाहतूक सुरू झाली व १९५३ मध्ये ‘ॲलेगेनी’ हे नाव घेण्यात आले. त्या काळी मार्ग व भाडे नागरी विमान वाहतूक मंडळ ठरवीत असे. लहान गावांच्या सेवेसाठी सरकारी अर्थसाहाय्य मिळे, तथापि मोठ्या शहरांमधील किफायतशीर मार्ग प्रामुख्याने जुन्या, बड्या कंपन्यांकडे राहत. तोट्याच्या गावांवर ॲलेगेनीने १९६७ मध्ये एक तोडगा काढला : हेगर्झटाउन–बॉल्टिमोर मार्ग तिने हेन्सन या छोट्या कंपनीकडे सोपविला, विमाने हेन्सनची, नाव मात्र ॲलेगेनीचे. ही पद्धत पुढे देशभर रूढ झाली.

लेक सेंट्रल (१९६८) व मोहॉक (१९७२) या कंपन्यांच्या विलीनीकरणाने ॲलेगेनीचा विस्तार झाला. प्रवासीसंख्येने ती देशातील प्रमुख कंपन्यांत मोडू लागली, तरी लोकांच्या मनात ती डोंगराळ भागातील लहान कंपनीच राहिली. थट्टेखोर प्रवासी तिला ‘ॲगनी एअर’ (यातना देणारी विमानसेवा) म्हणत. ऑक्टोबर १९७८ च्या कायद्याने मार्ग व भाडे यांवरील नियंत्रणे टप्प्याटप्प्याने उठू लागली. फ्लॉरिडासारख्या दूरच्या राज्यांत जाऊ पाहणाऱ्या कंपनीला एका पर्वताचे नाव अडचणीचे झाले. २८ ऑक्टोबर १९७९ रोजी ते बदलण्यात आले. नामांतर हे केवळ रंगरंगोटीचे काम नव्हते, कारण कंपनीला बांधून ठेवणारी प्रादेशिक चौकटच कायद्याने मोडली होती. मात्र याच कायद्याने लहान गावे सोडून जाण्याचीही मुभा कंपन्यांना दिली. अशा गावांची किमान सेवा टिकावी म्हणून स्वतंत्र अर्थसाहाय्याची तरतूद करावी लागली.

पुढे यूएसएअरने पॅसिफिक साउथवेस्ट व पीडमाँट या दोन प्रादेशिक कंपन्या विकत घेतल्या आणि त्यांची लोकप्रिय नावे पुसून टाकली. १९९७ मध्ये ती ‘यूएस एअरवेज’ झाली. २००२ व २००४ मध्ये तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला, तेव्हा पिट्सबर्ग येथील मुख्य केंद्राचे महत्त्वही ओसरले. २०१३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सशी झालेल्या विलीनीकरणानंतर ऑक्टोबर २०१५ मध्ये हे नावही लुप्त झाले. हेगर्झटाउनच्या हेन्सन कंपनीला १९९३ मध्ये ‘पीडमाँट’ हे मोकळे पडलेले नाव देण्यात आले असून, ती आजही अमेरिकन एअरलाइन्ससाठी लहान शहरांची वाहतूक करते.