वणव्यानंतरचा पाऊस

वणवा विझला की संकट टळले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या वस्तीची खरी परीक्षा मात्र पुष्कळदा त्यानंतरच्या पहिल्या पावसात होते. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते भूगोलाच्या तासाला नकाशावर बोट ठेवून एवढेच विचारीत, “पाणी येते कोठून आणि जाते कोठे?” आज कॅलिफोर्नियातील माँटेसिटो या गावाची जी हकीगत सांगावयाची आहे, तिचे मर्मही याच प्रश्नात आहे.

४ डिसेंबर २०१७ रोजी तेथे ‘थॉमस फायर’ नावाचा वणवा पेटला आणि त्यात सुमारे २ लाख ८२ हजार एकर क्षेत्र जळाले. माँटेसिटोच्या मागचे तीव्र उताराचे डोंगर उघडेबोडके झाले. ९ जानेवारी २०१८ च्या पहाटे, सारे गाव झोपेत असताना, अवघ्या पाच मिनिटांत सुमारे १३ मिलिमीटर पाऊस कोसळला. कोकणातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण त्या पहाटे तेथे २३ माणसे दगावली आणि शंभराहून अधिक घरे जमीनदोस्त झाली.

एवढ्याशा पावसाने हे घडले कसे? तेथील झुडपी रानाची पाने तेलकट, मेणचट असतात. ती जळताना मेणासारख्या द्रव्यांची वाफ होते, जमिनीत थोडी खोल उतरते आणि थंड मातीच्या कणांवर थिजते. मग अळवाच्या पानावरून पाणी ओघळावे, तसे ते त्या थरावरून ओघळते. आत मुरत नाही. वर राख आणि सुटी माती, मातीला धरून ठेवणारी झुडपे नाहीत, थेंबांचा मारा झेलणारी पानेही नाहीत. पाणी ओहोळांतून घळीत उतरते, वाटेतील माती, ओंडके, धोंडे उचलते आणि पाहता पाहता ओल्या काँक्रीटसारखा दाट लोट तयार होतो. पाण्याच्या पुरात बुडणारे शिळाखंड या लोटात वाहत येतात. म्हणूनच दारापुढे रचलेल्या वाळूच्या पोत्यांचा त्यापुढे निभाव लागत नाही.

येथे दिवसभराच्या पावसाची बेरीज फारशी उपयोगाची नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात अर्ध्या तासात अवघ्या ७ मिलिमीटर पावसानेही असे लोट सुटलेले आहेत. जमीन आधी भिजलेली असण्याचीही गरज नसते. (आपल्याकडे २०१४ साली माळीणला जी दरड कोसळली तिची जात निराळी, तेथे पाणी मुरून डोंगरच सुटला, येथे पाणी मुरत नाही हेच दुखणे.)

माँटेसिटोला पूर्वसूचना नव्हती, असे नाही. वादळ येणार हे ठाऊक होते, प्रशासनाने सूचनाही काढल्या होत्या. पण रेषा आखली गेली ती एका रस्त्यावर: रस्त्याच्या वरच्या अंगाला सक्तीचे स्थलांतर, खालच्या अंगाला ऐच्छिक. लोटाला रस्त्याची रेषा कशी कळावी? तो ओढ्यांच्या पात्रांतून आला, पुलांपाशी ओंडके-धोंडे अडकताच पात्र सोडून बाजूला पसरला, आणि ‘ऐच्छिक’ भागातील कितीतरी माणसे घरातच सापडली. त्यातच वणव्यासाठी घर सोडून नुकतीच परतलेली माणसे पुन्हा बाहेर पडण्यास कंटाळली होती. त्यांना बेफिकीर म्हणण्याचे धाडस मला होत नाही. त्या जागी आपणही कदाचित तेच केले असते. पुढे ‘ऐच्छिक’ हा शब्दच तेथील प्रशासनाने गाळला आणि प्रत्येकाला आपले घर धोक्यात आहे की नाही हे पाहता येईल असा नकाशा २०१८ मध्येच लोकांपुढे ठेवला.

आसऱ्याची जागा निवडताना तर डोळ्यांत तेल घालावे लागते. १९३३ च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसजवळचे डोंगर जळाले, आणि १९३४ सालच्या पहिल्याच रात्री ला क्रेसेंटा खोऱ्यात लोट उतरला. सुरक्षित म्हणून लोक ज्या सभागृहात जमले होते, त्यातच तो घुसला. तेथे बारा जण मेले. त्यानंतर त्या भागात घळींच्या तोंडाशी गाळ अडविणारी मोठाली कुंडे बांधण्यात आली.

कुंडाचा उपयोग ते रिकामे असेल तोवरच. म्हणून पाऊस ओसरला की यंत्रे लावून ते उपसावे लागते. माँटेसिटोत २०१९ मध्ये काही घळींत पोलादी कड्यांची जाळी लोकवर्गणीतून बसविण्यात आली. रँडल रोडवर, जेथे घरे वाहून गेली, तेथील जमिनी घेऊन प्रशासनाने नवे कुंड बांधले. ते २०२२ मध्ये पुरे झाले. तरी मुख्य उपाय एकच: पाऊस सुरू होण्यापूर्वी, उजेडी बाहेर पडणे. रात्री मोबाइलवर इशारा येईपर्यंत थांबणे धोक्याचे. २०१८ साली तो वाजला तेव्हा लोट वाहू लागले होते. वेळ चुकलीच, तर ओढ्यापासून दूर, उंचावर जावे. तेही न जमल्यास वरच्या मजल्यावर. आणि ही दक्षता एका पावसाळ्यापुरती नव्हे, झुडपे पुन्हा रुजेपर्यंतची, म्हणजे दोन ते पाच वर्षांची असते.

९ जानेवारी २०२३ रोजी, बरोबर पाच वर्षांनी, त्याच तारखेस तेथे पुन्हा मोठे वादळ आले. या वेळी रस्त्याची रेषा आखली गेली नाही. साऱ्या माँटेसिटोला बाहेर पडण्याचा हुकूम निघाला. दगडगोटे डोंगरातून याही खेपेस उतरले. वादळ सरल्यावर कुंडे उपसण्याचे काम पुन्हा सुरू झाले.