हिंगण्याच्या नोंदवह्या

नळी साधी काचेची. तिच्यात दोन मिलिलिटर द्रावण घ्यायचं आणि बोटाला टोचून काढलेलं २० मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम थेंबभर, रक्त सोडायचं. नळी हलकेच हलवून पाच मिनिटं थांबायचं आणि काळ्या रेघा मारलेला पांढरा कागद मागे धरायचा. रेघा आरपार दिसल्या तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर आहे. ते एका पालकाकडून आलेलं की दोघांकडून, म्हणजे माणूस नुसता वाहक की रुग्ण, हे मात्र ही नळी सांगत नाही. त्यासाठी नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला पाठवावा लागतो.

नागपूरजवळच्या हिंगणा तालुक्यातल्या एका गावात, अंगणवाडीच्या खोलीत, वैद्यकीय महाविद्यालयातली दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी हे काम करत होती आणि मी बाजूला बसून पाहत होतो. बाहेर बायांची रांग लागली होती. तिने मात्र गावातल्या कुणालाही हात लावण्याआधी प्रयोगशाळेतून सोबत आणलेले दोन नमुने तपासले. एक सिकल असल्याचं आधीच माहीत असलेला, दुसरा नसल्याचं माहीत असलेला. पहिली नळी गढूळ झाली, दुसरी स्वच्छ राहिली, आणि तिने वेळ, द्रावणाच्या बाटलीचा क्रमांक आणि दोन्ही निकाल वहीत लिहिले. आशाताई अस्वस्थ झाल्या. ‘दोन नळ्या फुकटच गेल्या ना जी मॅडम.’ मुलगी म्हणाली, ‘फुकट नाही ताई, त्यांच्या भरवशावर तर बाकीच्या चालणार.’

तिचं बरोबर होतं. द्रावणातलं सोडियम डायथायोनाइट दमट हवेत नासतं. ते नासलं की सिकलचं रक्तही स्वच्छ दिसायला लागतं आणि गावभर ‘काही नाही’ असा निरोप जातो. अंगात रक्तच फार कमी असलेल्या बाईची किंवा सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची नळीही अशीच फसवते. म्हणून त्या दोन नळ्या लागतात, आणि त्यांची नोंद त्याहून जास्त लागते. द्रावण त्या सकाळी चांगलं होतं हे सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाला कळायचं, तर ते त्या वहीवरूनच कळेल.

विदर्भात सिकल सेल या आजाराची नोंद जुनी आहे. भारतात सिकल हिमोग्लोबिन प्रथम आढळलं ते १९५२ साली, नीलगिरीतल्या आदिवासींमध्ये. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकल सेलवर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. आता तर १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय निर्मूलन अभियानच सुरू आहे आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य आहे. मग विशीतल्या एका मुलीने गावात येऊन वेगळं काय करायचं? तिचा प्रश्न रक्ताचा नव्हताच. ज्यांची तपासणी आधी झाली आहे, ज्यांना वाहकाचं पिवळं किंवा रुग्णाचं लाल कार्ड मिळालं आहे, त्यांना त्या कार्डाचा अर्थ काय कळला, हे तिला विचारायचं होतं. घरातल्या ज्यांची तपासणी राहिली होती त्यांच्यासाठी नळ्या होत्या, एवढंच.

प्रश्नावली छापील होती आणि उत्तराला तीन चौकोन होते: माहीत आहे, माहीत नाही, सांगता येत नाही. एका बाईने रेशनकार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं मुलाचं पिवळं कार्ड काढून दाखवलं. ‘पोराच्या लग्नाच्या वेळी दाखवा म्हणे, म्हणून ठेवलं जी. पण दाखवलं तं पोरगी कोण देईन?’ आता यातला कोणता चौकोन भरायचा? बाईला कार्डाचा अर्थ डॉक्टरइतका कळलेला होता. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक, हे तिने बरोबर सांगितलं. आणि तरी कार्ड पिशवीतून बाहेर निघणार नव्हतं. मुलीने ‘माहीत आहे’वर खूण केली आणि समासात बाईचं वाक्य जसंच्या तसं, तिच्याच बोलीत, उतरवून घेतलं.

माझ्या मते त्या दिवसाचं संशोधन त्या समासात होतं.

हिंगणा रोडवर असं काम बरंच चालतं, ते बाहेर फार कुणाला माहीत नसतं. मेट्रोची अ‍ॅक्वा मार्गिका लोकमान्य नगरला संपते, तिथून पुढे एका अंगाला एमआयडीसीचे कारखाने आणि दुसऱ्या अंगाला महाविद्यालयांच्या पाट्या. डिगडोहच्या टेकडीवर लता मंगेशकर रुग्णालय आणि १९९० सालचं एन. के. पी. साळवे वैद्यकीय महाविद्यालय, वानाडोंगरीला यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी, शिवाय दंतवैद्यकाची, फार्मसीची, नर्सिंगची महाविद्यालयं. एकाच रस्त्यावरच्या या पोरांचे संशोधनाचे कागद मात्र वेगवेगळ्या दिशांना जातात. मानव्यविद्या आणि विज्ञानाचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे, वैद्यकाचे बरेचसे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद १९७९ पासून एमबीबीएसच्या मुलांना दोन महिन्यांच्या अभ्यासासाठी विद्यावेतन देते, तिचे अर्ज थेट दिल्लीला. चहाच्या एकाच टपरीवर उभी राहणारी ही मुलं एकमेकांच्या कामाबद्दल काही म्हणजे काही जाणत नाहीत.

ती एकत्र येतात ती ‘आविष्कार’मध्ये. राज्यपालांच्या, म्हणजे कुलपतींच्या पुढाकाराने २००६ साली सुरू झालेला हा आंतरविद्यापीठ संशोधन महोत्सव. मानव्यविद्या-भाषा-ललित कला, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, मूलभूत विज्ञानं, शेती आणि पशुसंवर्धन, अभियांत्रिकी, वैद्यक आणि औषधनिर्माण असे त्याचे सहा गट. आधी जिल्हा, मग विद्यापीठ, मग राज्य. या महोत्सवाबद्दल मला मनापासून आदर आहे. तालुक्यातल्या महाविद्यालयातली मुलगी आपल्या विषयावर अनोळखी प्राध्यापकापुढे उभं राहून बोलते, ही लहानसहान गोष्ट नाही. पण तिथे परीक्षकापुढे येतं ते पोस्टर. चकचकीत फ्लेक्स, चार रंगांचा आलेख, खाली निष्कर्ष. पिशवीतलं कार्ड दाखवणारी बाई त्यावर मावत नाही. ती असते वहीत, आणि वही टेबलाखालच्या दप्तरात. परीक्षक म्हणून गेलो की मी ती वही मागतो. काही मुलं गोंधळतात, काहींचे चेहरे खुलतात. वहीच नसली तर मला पोस्टर कितीही देखणं असो, गुण द्यायला हात उचलत नाही.

एम.ए. मराठीच्या एका मुलीने अशीच आनंदाने वही पुढे केली होती. एमआयडीसीलगतच्या वस्तीत राहणाऱ्या आपल्या आजीकडून तिने भुलाबाईची गाणी उतरवून घेतली होती. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात पोरी घरोघर भुलाबाई-भुलोजी मांडून गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखतात. आजीचा पहिला आक्षेप हाच, की भुलाबाई घरी बसलेली नसताना गाणी म्हणायची कशी? तिने म्हटली, पण अर्धवट. मधल्या ओळी आठवेनात. छापील पुस्तकात त्या ओळी मिळत होत्या आणि मुलीने पहिल्या प्रतीत त्या भरूनही टाकल्या होत्या. मग तिला ते खटकलं. पुस्तकातलं गाणं आजीचं नव्हतं, चालीत बसत नव्हतं. दुसऱ्या प्रतीत तिने जागा कोरी सोडली आणि कंसात लिहिलं, ‘इथे आजी थांबली. फोनवर बहिणीला विचारते म्हणाली.’ मग बहिणीने सांगितलेला पाठ वेगळ्या शाईत. त्या कोऱ्या जागांवरून मला एवढं कळलं की शेतातून कारखान्याच्या वस्तीत आल्यावर या बाईच्या गाण्यातलं काय टिकलं आणि काय गळलं. भरलेल्या प्रतीत ते कळायला वावच नव्हता.

सगळ्यात रमलो ते मात्र वावरात. हिंगणा तालुक्याच्या दक्षिण टोकाला, बुटीबोरीच्या अंगाला, टाकळघाट आहे. तिथलं आणि जवळच्या खाप्याच्या शिलावर्तुळांचं उत्खनन नागपूर विद्यापीठाने शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली १९६८-६९ मध्ये केलं. टाकळघाटला वस्ती सापडली, खाप्याला दफनं. काळी-तांबडी भांडी, लोखंडाची हत्यारं, तांब्याच्या वस्तू. वस्तीचा काळ इसवी सनापूर्वीच्या सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपास जातो. १९७० साली त्याचा अहवाल विद्यापीठानेच छापला. पुढे माहूरझरी झालं, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली, आणि विदर्भातल्या महापाषाणीय लोकांचं चित्र उभं राहिलं.

आम्ही गेलो ते काही उकरायला नव्हे. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, मोजायला शेतमालकाचा होकार पुरतो. सोबत इतिहासाची पोरं होती आणि भूशास्त्राचा एक मुलगा. वर्तुळ मोजायची रीत ठरलेली. होकायंत्राने उत्तर पकडायची, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन व्यास टेपने घ्यायचे, उत्तरेकडच्या दगडाला एक नंबर देऊन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पुढे मोजत जायचं. प्रत्येक दगडाची लांबी, रुंदी, जमिनीवरची उंची. मधल्या भरावाची उंची वेगळी. फोटोत मोजपट्टी हवी. आलेखाच्या कागदावर नकाशा जागेवरच काढायचा, घरी जाऊन नाही.

अडलं ते दगडांच्या संख्येवर. वर्तुळाच्या पश्चिमेला मोठी फट होती आणि तेवढेच पाचसहा धोंडे शेजारच्या धुऱ्यावर रचलेले. नांगराला आड येतात म्हणून कुणीतरी कधीतरी हलवले असणार. ते मोजायचे की नाही? एक मुलगा म्हणाला, मोजा, त्याच वर्तुळाचे आहेत हे उघड दिसतं. दुसरी म्हणाली, दिसतं पण माहीत नाही. वाद चांगलाच रंगला. भूशास्त्राच्या मुलाने तोवर धुऱ्यावरच्या आणि वर्तुळातल्या दगडांवर भिंग फिरवलं. दोन्हीकडे तोच काळा बेसाल्ट, आत तशाच पांढऱ्या खनिजांच्या गाठी. पण नाल्याच्या काठावर उघडा पडलेला दगडही तसाच होता, त्यामुळे धुऱ्यावरचे धोंडे थेट नाल्यातूनही आलेले असू शकत होते. शेवटी नकाशात वर्तुळातले दगड भरीव काढले, धुऱ्यावरचे पोकळ, आणि खाली दोन्ही मतं लिहिली. शेतमालक इतका वेळ गप्प उभे होते. ते म्हणाले, ‘माह्या आज्याच्या काळापासून हे असेच आहेत.’ तेही लिहिलं, त्यांचं वय आणि तारीख घालून.

याच टाकळघाटच्या वर्तुळांपाशी एका माणसाचं काम थांबलं, त्याची गोष्ट मी पोरांना तिथेच सांगितली. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली स्कॉटलंडहून मिशनरी म्हणून नागपूरला आले. शाळा चालवता चालवता ते दगड गोळा करू लागले. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी लिहिलेला नागपूरच्या भूशास्त्रावरचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आला. टाकळीच्या थरांतले गोड्या पाण्यातले शंख, मांगलीचा जीवाश्म उभयचर, हे त्यांनीच उजेडात आणलं. त्याच वेळी ते गोंडांची भाषा शिकत होते आणि परधान या त्यांच्या भाटांकडून लिंगोची गाथा ऐकून उतरवून घेत होते. सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासोबत ते टाकळघाटची शिलावर्तुळं पाहायला आले, मागे एक शाळा तपासायला थांबले आणि ४ सप्टेंबरला परतताना पूर आलेल्या ओढ्यात घोड्यासह सापडून बुडाले. गोंडांवरचे त्यांचे कागद अपुरेच होते. टेंपलनी ते जसे होते तसे जुळवून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. हिस्लॉप काही सिद्धान्त मांडून गेले म्हणून आपण त्यांना वाचत नाही. कुठला शंख कुठल्या थरात मिळाला आणि गाथा कुणाच्या तोंडून आली, हे त्यांनी लिहून ठेवलं होतं, म्हणून अपुरे कागदही दुसऱ्याच्या हातात कामाचे ठरले. भूशास्त्र आणि लोकगाथा हे दोन वेगळे गट आहेत असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

गोष्ट ऐकून भूशास्त्राच्या मुलाने विचारलं, भुलाबाईवालीची वही मला पाहायला मिळेल का? आजीची बहीण याच अंगाच्या गावची आहे हे त्याने कुठून तरी ऐकलं होतं, आणि जुन्या बायांना या दगडांची काही नावं ठाऊक असतील अशी त्याला आशा होती. मी त्याला तिचा नंबर दिला नाही, आधी तिला विचारतो म्हणालो. तिने होकार दिला आणि एक अट घातली, की आजीला प्रश्न तीच विचारेल.

शेतमालकांनी निघताना नाल्यापलीकडे बोट दाखवलं. तिकडे अजून दोन वर्तुळं आहेत, एक तर यापेक्षा मोठं. पोरं लगेच टेप गुंडाळून निघाली, पण तिकडे पराटी छातीपर्यंत उभी होती आणि बोंडं फुटायला लागली होती. वेचणीचं वावर तुडवू देणार कोण? ‘उलंगवाडी होऊ द्या, मंग या,’ ते म्हणाले, म्हणजे शेवटची वेचणी आटोपल्यावर. वहीत तेवढंच लिहिलं: नाल्यापलीकडे दोन, पाहिलेली नाहीत, शेतमालकाच्या सांगण्यावरून, माप उलंगवाडीनंतर.