पऱ्हाटीची वीज : काटा कोणाच्या हाती?

उलंगवाडी झाली की बोरी अरबच्या शिवारात एक काम हमखास उरते. कापूस वेचून झालेली पऱ्हाटी उपटायची, धुऱ्यावर रचून ठेवायची आणि सवड मिळाली की पेटवून द्यायची. दारव्हा तालुक्यात उन्हाळ्याच्या तोंडी कोणत्याही रस्त्याने संध्याकाळी जा, दोन-चार वावरांतून धूर निघताना दिसतोच. गावातल्या आरा गिरणीमागे भुशाचा ढीग असतो, धुऱ्यावर छाटलेल्या बाभळीच्या फांद्या पडलेल्या असतात, तुराट्यांच्या मोळ्या असतात. या साऱ्याला आपण कचरा म्हणतो. त्याच रात्री ओलिताची वीज बारा वाजता येणार म्हणून कास्तकार बॅटरी घेऊन विहिरीवर जागा असतो.

मागे चावडीवरच्या एका बैठकीत हा विषय निघाला. मी म्हटले, या काड्यांपासून वीज होते. एक वयस्कर काका म्हणाले, "मंग आमी आजवर काय जाळत होतो, सायेब?" मी म्हटले, "वीजच जाळत होतो, काका." सगळे हसले. पण मागे बसलेल्या एका मजूर बाईने जे विचारले त्याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. तिचा प्रश्न पुढे येईलच.

लाकडापासून गॅस करण्याची विद्या नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी आपल्या देशातही धावत होत्या. बंद भट्टीत लाकडाचे तुकडे टाकायचे आणि हवा मोजकीच सोडायची. लाकूड पुरते जळत नाही, त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असलेला जळाऊ गॅस निघतो. तो थंड करायचा, गाळायचा आणि इंजिनात सोडायचा. इंजिनाला जनित्र जोडले की वीज तयार. या भट्टीला गॅसिफायर म्हणतात. ऐकायला सोपे, पण गॅसमधले डांबर नीट गाळले नाही तर इंजिन चार दिवसांत चिकटून बसते. शिवाय कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो. त्याला ना रंग, ना वास. म्हणून हे यंत्र बंद खोलीत बसवू नये आणि शिकलेल्या माणसाशिवाय कोणी त्याला हात लावू नये.

आता हिशोब पाहू. कोरडे लाकूड असेल तर एका युनिटला साधारण सव्वा ते दीड किलो लागते. आपण १.३ किलो धरू. १०० किलोवॅटचा संच दिवसाला १० तास चालवला तर १,००० युनिट वीज होते आणि १३ क्विंटल इंधन लागते. वर्षात ३०० दिवस धरले तर ३,९०० क्विंटल. आपल्याकडच्या कोरडवाहू कपाशीत एकरी ८ ते १० क्विंटल वाळलेली पऱ्हाटी निघते असे धरले, तर ४०० ते ५०० एकरांची पऱ्हाटी हवी. बोरी अरबसारख्या गावाला आणि शेजारच्या दोन-तीन शिवारांना हे जड नाही.

मग अडते कुठे? ते आपल्या आधी करून बसलेल्यांकडून ऐकावे.

पश्चिम बंगालमधील सुंदरबनात गोसाबा नावाचे बेट आहे. चहूकडे पाणी, विजेची तार तेव्हा पोचलेली नव्हती. तिथे १९९७ साली १०० किलोवॅटचे पाच संच मिळून ५०० किलोवॅटचा लाकडावर चालणारा प्रकल्प उभा राहिला आणि गावकऱ्यांची सहकारी संस्था तो पाहू लागली. इंजिनात थोडे डिझेल आणि बाकी लाकडाचा गॅस, अशी पद्धत होती. दुकाने, घरे, दवाखाना यांना वीज मिळू लागली. तार नव्हती म्हणून लोक युनिटला जास्त पैसे मोजायलाही तयार होते. पुढे बेटावर ग्रीडची वीज पोचली आणि हिशोब बदलला. स्वस्त वीज दारात आल्यावर महाग वीज कोण घेणार? यात संस्थेच्या माणसांना दोष देता येत नाही.

आपल्या कामाचा खरा दाखला कर्नाटकातला आहे. तुमकूर जिल्ह्यातील कब्बीगेरे गावी संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्राने ५०० किलोवॅटचा प्रकल्प झाला. त्याची वीज २००७ पासून थेट तारेवर जाऊ लागली आणि तिथल्या वीज वितरण कंपनीने ती युनिटला २ रुपये ८५ पैसे दराने घेतली. विकणारी होती ग्रामपंचायत! सरपंच मंडळींनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पण त्याच दराने हिशोब करून पाहा. एका युनिटला १.३ किलो लाकूड. किलोला २ रुपये पडले तर २ रुपये ६० पैसे इंधनातच गेले. उरले २५ पैसे. त्यातून ऑपरेटरचा पगार, तेलपाणी, दुरुस्ती, कर्जाचा हप्ता भागायचा. लाकूड ३ रुपये किलो झाले की युनिटमागे ३ रुपये ९० पैसे इंधनाला लागतात, म्हणजे प्रत्येक युनिट विकताना १ रुपया ५ पैसे खिशातून जातात. संच जितका जास्त चालेल तितका तोटा मोठा. त्यामुळे असा संच कागदावर ५०० किलोवॅटचा दिसतो आणि प्रत्यक्षात थांबून थांबून चालतो.

विदर्भातही काड्या, तूस, पऱ्हाटी यांवर चालणारे १० मेगावॅटच्या आसपासचे कारखाने उभे राहिले. त्यांचीही रड हीच. कारखाना उभा राहीपर्यंत तूस कोणी विचारत नाही. तो धूर सोडू लागला की तुसाला भाव येतो, विटाभट्टीवाला आणि पांढऱ्या कोळशाचा कारखानदारही त्याच मालाच्या मागे लागतो. विजेचा दर मात्र करारात बांधलेला. अशाने काही कारखाने बंद ठेवावे लागले. मला यात कास्तकाराचा गुन्हा दिसत नाही. त्याच्या मालाला एखाद वेळी भाव आला तर तो त्याने का घेऊ नये? चूक करारात आहे. इंधनाचा भाव आणि विजेचा दर एकमेकांना बांधलेले नसतील तर दोघांपैकी एक जण मरतो.

म्हणून गावाची संस्था करायची असेल तर तिला पहिल्याच दिवशी दोन कागद हवेत. एक वीज घेणाऱ्याचा आणि दुसरा पऱ्हाटी देणाऱ्यांचा. पऱ्हाटी २५० रुपये क्विंटल धरली तर इंधनाचाच खर्च युनिटला सव्वातीन रुपये होतो. पगार, दुरुस्ती, हप्ता धरून माझ्या हिशोबाने सहा-सात रुपयांखाली वीज परवडायची नाही. दुसरीकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतली सौर वीज तीन रुपयांच्या आसपास मिळते आणि तीही दिवसा. तेव्हा मोटारपंपासाठी पऱ्हाटी जाळू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. पऱ्हाटीची वीज शोभेल ती सूर्य मावळल्यावर, किंवा जिथे आज डिझेल जळते तिथे: जिनिंग, डाळ मिल, शीतगृह, पाणीपुरवठ्याचा पंप. डिझेलच्या विजेशी तुलना केली तर सहा-सात रुपये महाग नाहीत.

परवान्याची भीती घालणारे पुष्कळ भेटतील. वीज कायदा २००३ प्रमाणे राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज तयार करून वाटायला परवाना लागत नाही. सुरक्षिततेचे नियम मात्र पाळावेच लागतात. सहकारी संस्थेने वीज घेऊन वाटण्याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. श्रीरामपूरकडची मुळा प्रवरा वीज सहकारी संस्था मंडळाकडून ठोक वीज घेऊन गावोगाव देत असे. थकबाकी वाढत गेली आणि २०११ साली ते काम महावितरणकडे गेले. म्हणजे संस्था चालते, पण बिल वसूल झाले तरच. गावात बिल मागायला जायचे म्हणजे भाऊबंदांच्या दारात उभे राहायचे. निवडणूक तोंडावर असली की तेही जमत नाही.

आता पऱ्हाटीकडे येऊ. उपटलेल्या ताज्या पऱ्हाटीत निम्म्याच्या आसपास पाणी असते. गॅसिफायरला ते २० टक्क्यांच्या आत हवे. ओला माल क्विंटलवर घेतला तर संस्था पाणी विकत घेते, आणि कोरडा माल आणणाऱ्याला ओल्याचाच भाव दिला तर पुढच्या वेळी तोही ओलाच आणतो. कापूस खरेदीत हे आपण भोगलेले आहे. तेव्हा ओलावा मोजायचे यंत्र काट्याशेजारी असावे आणि आकडा देणाऱ्याला दाखवावा. दुसरे, पऱ्हाटीची साल धाग्यासारखी असते. लांब काड्या टाकल्या तर भट्टीत अडकून पोकळी धरते. एक-दोन इंचांचे तुकडे करूनच टाकाव्या लागतात. तिसरे, पऱ्हाटी फार फुगीर. ट्रॉली डोंगराएवढी दिसते आणि काट्यावर चार-पाच क्विंटल भरते. म्हणून तुकडे करणारे यंत्र वावरात न्यायचे, वावरातली पऱ्हाटी यंत्राकडे आणायची नाही. पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढून आणलेल्या पऱ्हाटीत फक्त डिझेलवाला कमावतो.

कास्तकाराच्या पदरात काय पडेल? २५० च्या भावाने एकरी दोन ते अडीच हजार रुपये. त्यातून उपटणे, तुकडे, वाहतूक वजा जाता फार तर काही शेकडा उरतील. मी मोठे आकडे सांगणार नाही. पण वावर वेळेवर मोकळे होते, आणि या रिकाम्या वावराची किंमत आपल्या जिल्ह्याला सांगायला नको.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने काय केले ते सर्वांनी पाहिले. त्याच वर्षी फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली. ही अळी उरलेल्या किडक्या बोंडांत, सरकीत सुप्तावस्थेत पडून राहते. धुऱ्यावर रचलेली पऱ्हाटी म्हणजे तिचे माहेरघर. जूनचा पाऊस पडला की त्याच ढिगातून पतंग निघतात आणि शेजारच्या नव्या कपाशीवर जातात. म्हणून फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीच्या सुरुवातीला पीक काढा, असे आम्ही दरवर्षी सांगतो. आधी वावरात शेळ्यामेंढ्या सोडा, उरलेली बोंडे त्या खातात. मग पऱ्हाटी मुळासकट उपटून लगेच तुकडे करा. संस्थेने उन्हाळ्यात वापरायला म्हणून अख्खी पऱ्हाटी गावाजवळ रचून ठेवली तर गावानेच अळीचे गोदाम बांधल्यासारखे होईल. साठवायची ती तुकडे करून, वाळवून.

सगळी पऱ्हाटी विकूही नये. आपल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी. एका वर्षी विकली तर दुसऱ्या वर्षी श्रेडरने बारीक करून जमिनीत गाडावी. भट्टीतली राख संस्थेकडून मोजून परत घ्यावी, तिच्यात पालाश असतो. यंत्र वावरात आणणे जमत नसेल त्यांना पांढऱ्या कोळशाची आणि गोळ्यांची बाजारपेठ खुली आहे. कोळशावरच्या वीज केंद्रांनी ५ टक्के बायोमास गोळ्या मिसळाव्यात असे धोरण केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२१ साली आणले, तेव्हापासून या मालाला गिऱ्हाईक वाढले आहे.

राहिला त्या बाईचा प्रश्न. ती म्हणाली होती, "पऱ्हाटी इकली त मंग आमी चुलीत काय घालाचं, भाऊ?" कास्तकार ज्याला कचरा म्हणतो त्यावर गावातल्या भूमिहीनांच्या चुली पेटतात. पऱ्हाटी उपटणाऱ्या मजुराला मजुरीबरोबर दोन-चार मोळ्या नेता येतात, हा न लिहिलेला करार आहे. उज्ज्वलाची टाकी घरात असली तरी ती दर महिन्याला भरून आणणे सगळ्यांना जमत नाही. काटा बसला की पहिल्यांदा या मोळ्या बंद होतील. तसे होऊ द्यायचे नसेल तर एकरी किती मोळ्या मजुरांच्या हे संस्थेच्या नियमांतच लिहावे लागेल, आणि तो आकडा ठरवताना त्या बायांना बैठकीत पुढच्या रांगेत बसवावे लागेल.

यंत्र, कर्ज, करार हे सारे पुढचे. महाऊर्जेकडे किंवा बँकेत जायचे तर हाती गावचा आकडा हवा. माझा एकरी ८-१० क्विंटलचा अंदाज तुमच्या वावरात खरा ठरतोच असे नाही. यंदा जानेवारीत एक भारी आणि एक हलके असे दोन वावर निवडा. एकेक गुंठ्याची पऱ्हाटी उपटून तोला, पंधरा दिवस उन्हात पसरून परत तोला. दोन्ही वजने, कपाशीचे वाण आणि पेऱ्याची तारीख ग्रामसेवकाकडच्या वहीत लिहून ठेवा आणि एक प्रत कृषी सहायकाकडे द्या.