साहेबाच्या बोटाखालची रजा

कुवेतमध्ये 1 जुलै 2025 पासून खासगी नोकरीतल्या परदेशी माणसाला देशाबाहेर पडण्याआधी मालकाची परवानगी लागते. अर्ज करायचा 'सहेल' अ‍ॅपवर. या शब्दाचा अर्थ 'सोपे'! तिकीट आधी काढायचे की परवानगी, ही चर्चा खेड-चिपळुणातल्या घरांतून झालीच असेल. मला यात दुसरेच दिसते. साहेब कसा आहे, हे कळायला आता एक अर्ज पुरे.

कायद्याने वर्षाला 30 दिवसांची भरपगारी रजा आहे, पण ती कधी द्यायची हे मालक ठरवतो. साहेबाचा स्वभाव नेमका या फटीत दिसतो. एक जण जानेवारीतच यादी लावतो. कुणाला ईद, कुणाला गणपती, आपसात ठरवा म्हणतो. दुसरा शेवटपर्यंत 'बघू' म्हणत राहतो. माणसे आपल्याला वचकून असतात, याचा त्याला अभिमानही असतो. परवानगी विनाकारण अडवली तर तक्रारीची सोय आहे, पण सुट्टीच्या तोंडावर साहेबाशी वैर कोण घेतो?

या वचकाची किंमत मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1930च्या दशकाअखेर अमेरिकेतल्या आयोवात मोजली होती. दहा-अकरा वर्षांची मुले मुखवटे बनवत होती. त्यांचे नेते तीन तऱ्हांचे: हुकूम सोडणारा, विचारून चालणारा आणि काहीच न करणारा. हुकूमवाल्याकडे काम भरपूर झाले. तो खोलीबाहेर गेला की हात थंडावत. विचारून चालणारा गेला तरी त्याच्या गटाचे काम जवळपास तसेच चाले. पोरांवरचा प्रयोग रिफायनरीला जसाच्या तसा लागू नाही, कबूल. तरी सुपरवायझरची पिकअप वळताच साइटवर काय होते, ते तिथे राबलेल्याला विचारा.

'आमची माणसे टिकतात,' असे कंपन्या सांगतात. टिकणारच! बेमुदत करारात तीन वर्षांच्या आत राजीनामा दिला तर इंडेम्निटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, शून्य, आणि पूर्ण मिळायला दहा वर्षे. माणूस दिवस मोजत थांबला, याला उमेद म्हणत नाहीत.

शेवटी एक बोचणारी गोष्ट. कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, बऱ्याच जणांना वर्षानुवर्षे दिसतही नाही. अर्ज अडतो मधल्या टेबलावर आणि त्यामागे पुष्कळदा आपलाच देशबांधव बसलेला असतो. अरबांच्या नावाने बोटे मोडणे त्याला सोयीचे पडते. कुवेतमधल्या मराठी साहेबांनो, अर्ज आला त्याच दिवशी निकाली काढा. नाही म्हणायचे असेल, तर कारण तोंडावर सांगा.