उघडताच मिटणारी आज्ञावली

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, हे तुम्ही घरच्या मोठ्यांकडून ऐकले असेल. 12 एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीच्या 10 वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. समजा, लातूरच्या एका शाळेतील मुलांनी या घटनेवर लघुपट करायचे ठरवले. आजी-आजोबांच्या आठवणी मोबाइलवर टिपल्या. शाळेच्या संगणकात लिनक्स कार्यप्रणाली आहे आणि चित्रफिती जोडणारी केडेनलाइव्ह ही आज्ञावली आहे. चिन्हावर टिचकी मारली, खिडकी क्षणभर दिसली आणि नाहीशी झाली! पुन्हा मारली, पुन्हा तेच. आता काय करावे?

‘सगळे पुसून संगणक नव्याने भरा’ असा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नका. त्यात आठवणींच्या फितीच पुसल्या जातील. आधी त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. मगच दोष शोधू.

सुरू होताना आज्ञावली तीन मुख्य कामे करते. चित्र व ध्वनी हाताळणारे सहायक संच, म्हणजे लायब्ररी, ती स्मृतीत आणते. तुमच्या आवडीनिवडींची नोंद वाचते. पडद्यावर चित्र काढण्यासाठी ग्राफिक्स कार्डाची मदत मागते. यांपैकी कोठेही अडले तरी आपल्याला दिसते ते एकच : खिडकी मिटली. मग नेमके कोठे अडले, हे कसे ओळखायचे?

पहिली पायरी. टर्मिनल उघडून तेथे आज्ञावलीचे नाव टंकित करा. शेवटच्या ओळी वहीत उतरवा. एखादी लायब्ररी सापडत नाही असे लिहिले असेल, तर तिचे नावही तेथेच मिळते, ती बसवा. ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ असे आले, तर आज्ञावलीने नेमून न दिलेल्या स्मृतीला हात लावला आणि लिनक्सने तिला थांबवले. हे झाले लक्षण. कारण अजून शोधायचे आहे.

दुसरी पायरी. नांदेडच्या मित्राकडे तीच आवृत्ती नीट चालत असेल, तर दोन संगणकांत फरक काय, हा खरा प्रश्न. पण फरक पुष्कळ असतील. म्हणून आपल्याच संगणकावर नवे वापरकर्ता खाते काढा. येथे यंत्र तेच, लायब्ररी त्याच. बदलली ती फक्त आवडीनिवडींची नोंद. आज्ञावली उघडली, तर दोष त्या नोंदीत! जुन्या खात्यातील ‘कॉन्फिग’ या लपलेल्या फोल्डरात ‘केडेनलाइव्हआरसी’ ही फाइल असते. ती पुसू नका, नाव बदला. आज्ञावली नवी फाइल स्वतः तयार करते.

तिसरी पायरी. नव्या खात्यातही ती मिटली, तर तेथेच तिची ‘अ‍ॅपइमेज’ चालवून पाहा. या पुडक्यात बहुतेक लायब्ररी सोबतच येतात. ती चालली, तर संशय संगणकातील लायब्ररींवर. नाही चालली, तर ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे वळा.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय घडले ते लिहून ठेवायचे. प्रयोगशाळेत आपण हेच करतो. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष जाईलही, पण तो कशाने गेला हे कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागेल.