रक्तातला विळा : पूर्वजांचे कवच, नातवंडांचे दुखणे

रायपूरहून धमतरीकडे निघाले की सुमारे ३० किलोमीटरवर अभनपूर लागते. जुन्या माणसांना हे गाव आठवते ते छोट्या रेल्वेच्या फाट्यासाठी. अरुंद रुळांवरून डुलत येणाऱ्या गाडीचा एक मार्ग इथून धमतरीला जाई आणि दुसरा राजिमला. आजूबाजूला जिकडे पाहावे तिकडे धानाची शेते. कापणीच्या दिवसांत घराघरातून 'हंसिया', म्हणजे आपला विळा, बाहेर निघतो.

याच विळ्याच्या नावाचा एक आजार या भागातल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. तो म्हणजे सिकलसेल. 'सिकल' म्हणजे विळा आणि 'सेल' म्हणजे पेशी. छत्तीसगडमध्ये मोठ्या प्रमाणावर झालेल्या तपासण्यांत दर १०० माणसांमागे सुमारे १० जणांच्या रक्तात या आजाराचे बीज आढळले आहे. आपल्या विदर्भात आणि नंदुरबार, धुळे, गडचिरोली या जिल्ह्यांतही तो मोठ्या प्रमाणावर आहे. त्यात नवल काही नाही. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. भोसल्यांच्या काळापासून दोन्हीकडची माणसे इकडून तिकडे जात-येत राहिली आहेत.

नेमके होते काय?

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी बशीसारख्या गोल आणि लवचीक असतात. केसाहून बारीक रक्तवाहिनीतूनही त्या अंग चोरून पुढे सरकतात. त्यांच्या पोटात हिमोग्लोबिन असते आणि ते प्राणवायू वाहून नेते. सिकलसेलच्या रुग्णात या हिमोग्लोबिनच्या रचनेत एक लहानशी चूक असते. १४६ मण्यांच्या माळेत सहावा मणी बदललेला असावा, तशी. ग्लुटामिक आम्लाच्या जागी तिथे व्हॅलिन बसलेले असते. ही चूक व्हर्नन इंग्राम यांनी १९५६-५७ मध्ये केंब्रिजला शोधून काढली.

एका मण्याच्या फरकाने एवढे काय बिघडते? प्राणवायू सोडला की हे सदोष हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवते आणि पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना सुरू होतात. साधी तांबडी पेशी १२० दिवस जगते, तर ही १०-२० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी पडते, डोळे पिवळे दिसतात.

मूल जन्मतः मात्र ठणठणीत असते. गर्भात त्याच्याजवळ वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते आणि ते पहिले काही महिने त्याला सांभाळते. पाच-सहा महिन्यांनंतर ते ओसरले की हातापायांवर सूज, रडणे, वारंवार ताप असे प्रकार सुरू होतात. घरच्यांना वाटते, दृष्ट लागली, बाहेरची बाधा झाली. उपचाराचे मोलाचे दिवस अंगारे-धुपाऱ्यात जातात.

मग निसर्गाने हा दोष ठेवला कशाला?

सिकलसेलचे दोन डाव झालेले रुग्ण पूर्वी लहानपणीच दगावत. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशी दोन्ही बीजे सदोष मिळाली तरच मूल आजारी पडते. एकच सदोष मिळाले तर ते मूल 'वाहक' होते. वाहकाला सहसा काहीही त्रास नसतो. पण ज्या बीजाने इतकी मुले दगावतात, ते हजारो वर्षांत नाहीसे व्हायला हवे होते. ते उलट टिकले, आणि काही भागांत तर चांगलेच पसरले. हे कसे?

उत्तराचा पहिला धागा मिळाला तो हिवतापात. जे. बी. एस. हॉल्डेन या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आजाराविषयी असा तर्क मांडला होता, की वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळत असावे. हेच हॉल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. सिकलसेलच्या बाबतीत पुरावा दिला तो अँथनी ॲलिसन या डॉक्टरांनी. पूर्व आफ्रिकेत हिंडताना त्यांच्या लक्षात आले, की समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठी, जिथे हिवताप फार, तिथे वाहकही फार. उंच, थंड डोंगराळ भागात हिवताप नाही आणि वाहकही फारसे नाहीत. १९५४ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले.

यामागचे कारण असे. हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीत शिरून वाढतो. वाहकाच्या पेशीत तो शिरला की त्याला नीट वाढता येत नाही. शिवाय अशी पेशी लवकर वाकते आणि प्लीहा तिला जंतूसकट गाळून टाकते. वाहक मुलाला हिवताप होतो, पण जीव घेण्याइतका तो सहसा चढत नाही.

आता दाट जंगलातल्या, डासांनी भरलेल्या एखाद्या जुन्या गावाची कल्पना करा. दोन्ही बीजे सदोष असलेली मुले सिकलसेलने जात. दोन्ही बीजे चांगली असलेली कितीतरी मुले हिवतापाने जात. उरत ती वाहक. तीच मोठी होत, त्यांचीच लग्ने होत आणि तेच बीज पुढे जाई. हिवतापाने हे बीज निर्माण केले नाही. ते योगायोगाने निपजले आणि हिवतापाने त्याला राखले. उत्क्रांती म्हणतात ती हीच. ती निर्दोष माणूस घडवत बसत नाही. त्या ठिकाणी, त्या काळी जो तरला त्याची संतती वाढते, एवढेच.

आज औषधे आहेत, मच्छरदाण्या आहेत, हिवताप बराच आटोक्यात आला आहे. संकट ओसरले, पण त्यासाठी राखलेले कवच अंगावर तसेच राहिले. त्याची किंमत मात्र नातवंडे मोजतात.

आपल्याकडचा शोध

भारतात हे बीज प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत आढळले. मध्य भारतातील वाहकांबद्दलचा अहवाल नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९८६ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून कळले, की आपल्याकडचे हे बीज आफ्रिकेतून आलेले नसून आशियात स्वतंत्रपणे निपजले आहे. म्हणजे तोच मणी जगात वेगवेगळ्या ठिकाणी बदलला आणि जिथे जिथे हिवताप होता तिथे तिथे टिकला. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भावस्थेतले ते संरक्षक हिमोग्लोबिन मोठेपणीही बरेच उरते. त्यामुळे अनेकांचा आजार तुलनेने सौम्य असतो. पण सर्वांचा नाही. विदर्भातल्या रुग्णालयांत वेदनेने तळमळणारी मुले डॉक्टरांनी पुष्कळ पाहिली आहेत.

हा फक्त आदिवासींचा आजार आहे, ही समजूतही खरी नाही. छत्तीसगडमध्ये आणि विदर्भात तो इतर अनेक समाजांतही आहे. आजारी मुलांची संख्या वाढते ती बीजाच्या प्रमाणामुळे. एखाद्या समाजात १०० पैकी १० वाहक असतील, तर शंभरात एका जोडप्यात नवरा-बायको दोघेही वाहक निघतील. वाहक २० असतील, तर अशी जोडपी चार होतील. बीज दुप्पट झाले की धोका चौपट. आणि लग्ने जातीतच जुळतात, त्यामुळे बीज त्याच वर्तुळात फिरत राहते.

दोष कोणाचा?

मूल आजारी निघाले की पहिले बोट उठते ते सुनेकडे. "आमच्या घराण्यात असले काही नव्हते," हे वाक्य कितीतरी जणींनी ऐकले असेल. विज्ञान इथे अगदी स्पष्ट आहे. दोन्ही बीजे सदोष असल्याशिवाय हा आजार होत नाही, म्हणजे एक बीज वडिलांकडूनही आलेले असतेच. आणि दोघांनाही ते मिळाले आहे पूर्वजांकडून, ज्यांना त्यानेच एके काळी जगवले. दोष द्यायचा तरी कोणाला?

हे लक्षात ठेवा

• नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारांत एक, वाहक असण्याची चारांत दोन, पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन निरोगी, असा हिशेब नसतो. प्रत्येक खेपेला नाणेफेक नव्याने होते.

• दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे रक्त निर्दोष असेल, तर मूल सिकलसेलने आजारी पडत नाही. म्हणून वाहक मुलीचे किंवा मुलाचे लग्न मोडण्याचे काहीच कारण नाही.

• तपासणी सोपी आहे. आधी रक्ताच्या थेंबांची प्राथमिक चाचणी, आणि त्यात काही आढळले तर हिमोग्लोबिनचे प्रकार पाहणारी पक्की चाचणी. लग्न ठरण्याआधी ती केलेली बरी. दोघेही वाहक असून लग्न झालेले असेल, तर गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना तसे सांगावे. गर्भाची तपासणी करता येते.

• रुग्णाने भरपूर पाणी प्यावे. कडाक्याची थंडी, उन्हातले अतिश्रम टाळावेत. ताप अंगावर काढू नये. लसी वेळेवर घ्याव्यात. फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली नेमाने घेतली, तर वेदनेचे झटके बरेच कमी होतात. लोहाच्या गोळ्या मात्र विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

पुढे काय?

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्यांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट. तपासलेल्यांना कार्ड दिले जाते. लग्नाच्या बोलण्यात दोन्हीकडची कार्डे ताडून पाहावीत, ही त्यामागची कल्पना. रायपूरला या आजारासाठी स्वतंत्र सिकलसेल संस्था आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागात आणि संपत रामटेके यांनी नागपुरात या आजारासाठी वर्षानुवर्षे काम केले.

मूळ दुखणे बरे करणारे उपायही आले आहेत. भावंडाचा अस्थिमज्जा जुळला तर त्याचे रोपण करता येते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने जनुकात दुरुस्ती करणाऱ्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. त्यात गर्भावस्थेतले तेच संरक्षक हिमोग्लोबिन पुन्हा जागे केले जाते. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. अभनपूरच्या शेतकऱ्याला ती परवडण्यासारखी नाही हे उघड आहे. आपल्या शास्त्रज्ञांनीही स्वस्त उपचारासाठी प्रयत्न चालवले आहेत.

तोवर सर्वांत स्वस्त उपाय आपल्याच हातात आहे. पत्रिका जुळवताना आपण ३६ गुण मोजतो. त्यात रक्ताचा एक गुण वाढवला, तर एखाद्या न जन्मलेल्या मुलाची आयुष्यभराची वेदना वाचेल.